बँकवाल्यांची लेक, न्यूगेटचा तुरुंग आणि पाच पौंडांची नोट

शेवगा (धागाकर्ती)

२००२ ते २०१७ या काळात ज्यांनी इंग्लंडमध्ये पाच पौंडांची नोट हाताळली त्यांना मागच्या बाजूची बाई आठवत असेल. पांढरी टोपी, शांत चेहरा आणि शेजारी तुरुंगात कैदी बायकांना वाचून दाखवतानाचं चित्र. नोटेवर तुरुंगाची किल्लीसुद्धा छापली होती. ही एलिझाबेथ फ्राय. नोट अर्थातच बँक ऑफ इंग्लंडची, आणि गंमत अशी की याच बँकेच्या खोट्या नोटा खपवल्याबद्दल फाशीला चाललेल्या बायकांसाठी ही बाई १८१८ साली मंत्र्यांचे उंबरे झिजवत होती. तेव्हा ना बँक बधली ना मंत्री.

'तुरुंगसुधारक' म्हणून तिच्याबद्दल दोन ओळी सगळीकडे सापडतात. त्यात तिच्या पैशाबद्दल फारसं काही नसतं. मला मात्र वाटतं, पैसा काढून टाकला तर ही गोष्ट कळतच नाही.

जन्म २१ मे १७८०, नॉरिच. वडील जॉन गर्नी लोकरीच्या मालाचे व्यापारी आणि बँकवाल्या घराण्यातले. आई कॅथरीन बार्कले घराण्याच्या नात्यातली. होय, तेच बार्कलेज. गर्नींची बँक पुढे १८९६ मध्ये त्यातच विलीन झाली. दोन्ही घरं क्वेकर या ख्रिस्ती पंथाची. क्वेकर शपथ घेत नाहीत, म्हणून सरकारी पदं बंद. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी बंद. युद्ध निषिद्ध, म्हणून सैन्यही बंद. उरला धंदा. त्यात लग्नं पंथातच होत असल्याने भांडवल नात्यागोत्यातच फिरायचं, आणि 'क्वेकर शब्द फिरवत नाही' ही पत गाठीशी होती. लॉइड्स बँक, कॅडबरी, राउनट्री ही सगळी याच पंथातली मंडळी.

गर्नी कुटुंब मात्र जरा छानछोकीचं. अर्लम हॉल नावाचा मोठा वाडा, नाचगाणी, रंगीत कपडे. करड्या-तपकिरी साधेपणाचा नियम त्यांनी खुंटीला टांगून ठेवला होता. आई १७९२ मध्ये गेली तेव्हा एलिझाबेथ बारा वर्षांची होती. ४ फेब्रुवारी १७९८ ला नॉरिचच्या सभेत विल्यम सॅव्हरी हा अमेरिकन क्वेकर प्रवचनकार आला, तेव्हा ही सतरा वर्षांची मुलगी लाल नाड्यांचे जांभळे बूट घालून पुढच्या बाकावर बसली होती. तिच्या बहिणीने हे बूट लिहून ठेवलेत. एरवी पाय हलवत कंटाळणारी एलिझाबेथ त्या दिवशी रडत घरी आली. बूट एका दिवसात सुटले नाहीत. लंडनला जाऊन नाटकं वगैरे बघून झाली, आणि मग एकेक करत रंग, गाणं, नाच सगळं सोडून ती 'साधी क्वेकर' झाली. घरच्यांना ते फारसं आवडलं नव्हतं.

१८०० मध्ये जोसेफ फ्रायशी लग्न. सासरचा चहाचा व्यापार आणि बँक. लंडनच्या भर पेढ्यांच्या वस्तीत घर, पंथाच्या सभा भरल्या की पाहुण्यांची रीघ. अकरा मुलं झाली. १८०९ मध्ये वडिलांच्या दफनाच्या वेळी ती पहिल्यांदा सर्वांसमोर बोलली आणि १८११ मध्ये पंथाने तिला अधिकृत प्रवचनकार म्हणून मान्यता दिली.

१८१३ च्या हिवाळ्यात स्टीफन ग्रेलेट हा पंथबंधू लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या बायकांची अवस्था बघून थेट तिच्याकडे आला. तान्ही पोरं उघडी पडलीत म्हणाला. तिने फ्लॅनेलचे तागे मागवले, ओळखीच्या बायका जमवून बाळांचे कपडे शिवले आणि ॲना बक्स्टनला घेऊन आत गेली. आत काय होतं? दोन मोठ्या खोल्या आणि दोन कोठड्या, त्यात सुमारे तीनशे बायका, वर त्यांची मुलं. खटला चालायचा बाकी असलेल्या, शिक्षा झालेल्या, फाशीची वाट बघणाऱ्या, सगळ्या एकत्र. तिथेच झोपायचं, तिथेच रांधायचं, तिथेच धुवायचं. अंथरूण नाही. दारू मात्र विकत मिळायची. जाळीपाशी कोणी आलं की लांब काठीला लाकडी चमचा बांधून भीक मागायच्या. तुरुंगाधिकारी स्वतः आत जायला कचरायचा.

लगेच काही क्रांती झाली नाही. मध्ये तीन-चार वर्षं गेली. बाळंतपणं, फ्रायांच्या पेढीची ओढाताण, आणि १८१५ मध्ये पाच वर्षांचीही न झालेली बेट्सी गेली. १८१६ च्या अखेरीला ती परत न्यूगेटला गेली ती मुलांसाठी काय करता येईल हे विचारायला. कैदी बायकांनीच आपल्यातून मास्तरीण निवडली: मेरी कॉनर, घड्याळ चोरल्याबद्दल आत आलेली. एक रिकामी कोठडी मिळाली, शाळा सुरू झाली. दारात मोठ्या बायका गर्दी करायला लागल्या, आम्हालाही शिकवा, आम्हालाही काम द्या म्हणून.

एप्रिल १८१७ मध्ये बाराजणींचं मंडळ झालं. अकरा क्वेकर आणि एका पाद्र्याची बायको. देखरेखीसाठी पगारी बाई नेमली आणि पगाराची सोय सुरुवातीला मंडळानेच केली. नियम एकेक करून वाचून दाखवले आणि प्रत्येक नियमावर कैद्यांनी हात वर करून मत दिलं. शिवणकाम कुठे खपवायचं हा प्रश्न तर तिने फारच व्यापारी पद्धतीने सोडवला. ऑस्ट्रेलियातल्या कैदी वसाहतीला कपडे पुरवणारे लंडनचे ठेकेदार गाठले आणि 'तुमच्या धंद्याचा एक तुकडा मला हवाय' असं सरळ सांगून टाकलं. ते तयार झाले.

१८१८ मध्ये संसदेच्या समितीपुढे तिची साक्ष झाली. कॉमन्सच्या समितीपुढे बाईची अशी साक्ष म्हणजे अपूर्वाई होती. त्याच वर्षी हॅरिएट स्केल्टनचं प्रकरण घडलं. १७९७ पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं. एक आणि दोन पौंडांच्या साध्यासुध्या छपाईच्या नोटा बाजारात आल्या आणि कोणीही त्यांची नक्कल करू लागला. बँकेने खटल्यांचा सपाटा लावला. १८२१ पर्यंत तीनशेहून जास्त माणसं फासावर गेली. ज्यांनी नोटा बनवल्या ते क्वचित सापडायचे. बाजारात नोट मोडणारी मोलकरीण हटकून सापडायची. स्केल्टन अशांपैकीच. फ्रायने ड्यूक ऑफ ग्लॉस्टरला कोठडीत आणलं, बँकेच्या संचालकांकडे शब्द टाकला, गृहमंत्री लॉर्ड सिडमथकडे गेली. नकार. सिडमथशी तिचं इतकं बिनसलं की मध्यस्थी करूनही ते जुळलं नाही. स्केल्टनला फाशी झाली. त्याच सुमारास लंडनच्या महापौरांच्या मॅन्शन हाऊसमध्ये शार्लट राणीने फ्रायला सगळ्यांदेखत जवळ घेऊन विचारपूस केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता माझा मुद्दा. न्यूगेटचा दरवाजा फ्रायबाईसाठी उघडला तो फक्त भक्तीमुळे उघडला असता का? मेहुणा टॉमस बक्स्टन खासदार. दुसरा मेहुणा सॅम्युएल होअर बँकर. भाऊ सॅम्युएल लंडनच्या हुंडीबाजारातला बडा. महापौर, मंत्री, ड्यूक यांना चिठ्ठी पाठवली की उत्तर येणार. स्केल्टनच्या बाबतीत मात्र याच वजनाची मर्यादा दिसली. ज्या नोटबाजारावर तिच्या माहेर-सासरची पेढी उभी होती, त्याच बाजाराच्या रक्षणासाठी गळफास होता, आणि तिथे तिचं वजन चाललं नाही.

१८२८ ची दिवाळखोरी आणि नंतरचं प्रतिसादांत लिहीन, लेख आधीच लांबलाय.

कंदीलकाका

वा! माहितीपूर्ण. दिवाळखोरीवर नक्की लिहा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका: त्या काळात बाईने प्रवचन द्यायचं हे लोकांनी कसं चालवून घेतलं? आपल्याकडे अजून कीर्तनकार बाई म्हटलं की काही लोकांच्या भुवया वर जातात.

शेवगा

@कंदीलकाका, पंथाबाहेरच्यांनी कुठे चालवून घेतलं! अठराव्या शतकातला इंग्रज लेखक डॉ. जॉन्सन याचा टोमणा प्रसिद्धच आहे: बाईचं प्रवचन म्हणजे मागच्या पायांवर चालणारा कुत्रा, नीट जमत नाही पण जमतं याचंच नवल. तो त्याने १७६३ मध्ये क्वेकर सभेतल्या बाईबद्दल ऐकूनच मारला होता.

पंथात मात्र ते सुरुवातीपासूनच होतं. पगारी पाद्री नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोलतो. मग तो पुरुष असो वा बाई. मार्गारेट फेलने १६६६ मध्येच बायकांच्या बोलण्याच्या हक्कावर पुस्तिका लिहिली, तीही तुरुंगात असताना. त्या काळी कोणी वारंवार आणि चांगलं बोलतंय असं दिसलं की सभा त्याची प्रवचनकार म्हणून नोंद करायची (इंग्लंडमध्ये ही प्रथा १९२४ मध्ये बंद झाली). त्याला मानधन नसायचं, आणि दौऱ्यावर जायचं तर सभेची परवानगी लागायची. फ्राय स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स, प्रशिया फिरली ती अशा परवानग्या घेऊन. तीनशे बायकांच्या गोंगाटात उभं राहून हळू आवाजात वाचायला लागायचं आणि त्या गप्प होईपर्यंत थांबायचं, हे तिला जमलं त्यामागे या सभांचा रियाज होता असं मला वाटतं.

तिरपागडा

लेख चांगला आहे, पण थोडं मिरचीचं पाणी टाकतो. श्रीमंत बायका, हातात बायबल, समोर गरीब बायका. पत्ते नाहीत, शिव्या नाहीत, कादंबऱ्या-नाटकं नाहीत. बारा जणींमागे एक मॉनिटर. आणि ठरलेल्या दिवशी हे वाचन बघायला राजदूत, खासदार, उमराव! जॉन रँडॉल्फ नावाच्या अमेरिकन राजकारण्याने तर लंडनमधलं सगळ्यात मोठं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे मिसेस फ्राय आणि तिच्या कैदी बायका असंच म्हटलं. याला सुधारणा म्हणायचं की प्राणिसंग्रहालय? आणि स्वतःची अकरा पोरं कोण सांभाळत होतं?

चिमणचारा

@तिरपागडा, पोरांचा प्रश्न फक्त बायकांच्या चरित्रातच का येतो हो? बक्स्टनची पोरं कोण सांभाळत होतं हे कोणी विचारलंय का कधी?

तिरपागडा

@चिमणचारा, मान्य, टोला बसला. तरी बाकीचा प्रश्न उभाच आहे.

टाकेवाली

मी यात शिवणकामासाठी घुसतेय. 😊

ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या बायकांची आधी न्यूगेटपासून बोटीपर्यंत उघड्या गाड्यांतून, बेड्या घालून वरात निघायची आणि रस्त्यावरची गर्दी चिखल-घाण फेकायची. आदल्या रात्री तुरुंगात तोडफोड ठरलेली. १८१८ मध्ये 'मारिया' जहाज निघायचं होतं तेव्हा फ्रायने अधिकाऱ्यांना पटवून बंद घोडागाड्या मागवल्या आणि मागे आपली गाडी घेऊन बंदरापर्यंत गेली. तोडफोड झाली नाही.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट पिशवीची आहे. पुढे जहाजावर प्रत्येक बाईला एक पिशवी मिळू लागली. शंभर सुया, टाचण्या, पांढऱ्या-काळ्या-लाल-निळ्या दोऱ्याच्या गुंड्या, अंगुस्तान, कात्री, दोन पौंड वजनाचे कापडाचे तुकडे, बायबल आणि ज्यांना लागेल त्यांना चष्मा! चष्म्याशी मी थबकले. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना काय होतं हे माहीत असणाऱ्या बाईनेच ही यादी केलेली असणार. तीन-साडेतीन महिन्यांच्या प्रवासात गोधडी शिवायची आणि वाटेत किंवा उतरल्यावर विकून चार पैसे गाठीला बांधायचे, हा हिशेब. काहींनी रिओ दि जानेरोलाच विकून टाकल्या.

एक गोधडी शिल्लक आहे. १८४१ मध्ये 'राजा' नावाच्या जहाजावरून (होय, नाव राजाच) १८० बायका होबार्टला गेल्या, त्यांच्यापैकी काहींनी वाटेत शिवलेली. २,८१५ तुकडे, सव्वातीन मीटरहून जास्त लांबरुंद. मधल्या चौकटीत छापील कापडातून कापून लावलेली फुलं-पाखरं, भोवती चौकोन-त्रिकोणांच्या पट्ट्या. फोटो मोठा करून बघितला तर काही टाके बारीक, सरळ आणि काही चक्क ओबडधोबड. म्हणजे काही जणी सराईत होत्या आणि काही जहाजावरच शिकल्या. काठावर बायकांच्या समितीला उद्देशून आभाराचा मजकूर भरलाय. त्यांच्यावर देखरेख करायला केझिया हेटर म्हणून बाई होती. तिचं प्रवासात कप्तानाशीच जुळलं, नंतर लग्न केलं त्यांनी. गोधडी इंग्लंडला पाठवली गेली, मग दीडेकशे वर्षं कोणाला पत्ता नव्हता. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात परत गेली, आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कापड इतकं नाजूक झालंय की क्वचितच बाहेर काढतात.

कंदीलकाका

@टाकेवाली, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागाच आहे. +१००

शेवगा

@तिरपागडा, प्रेक्षणीय स्थळाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. तिलाही ते टोचत होतं. आपल्याला मिळणाऱ्या वाहवेची धास्ती तिच्या डायरीत पुन्हा पुन्हा येते. तरी वाचन बंद केलं नाही, कारण बघायला येणाऱ्यांत मत देणारे लोक असायचे.

पण तिच्या काळात तिच्यावर टीका झाली ती उलट बाजूने. सिडनी स्मिथ हा पाद्री आणि नामांकित लेखक तिला माणूस म्हणून मानायचा, पण त्याचं म्हणणं असं की तुरुंग म्हणजे शिकवण्या आणि शिवणटिपणीची जागा नव्हे. तिथे कंटाळवाणे कष्ट आणि भीतीच हवी, नाहीतर लोक गुन्हे करायला घाबरणार नाहीत. १८२३ मध्ये गृहमंत्री पीलने तुरुंगांचा कायदा केला, त्यात बायकांवर बायकाच पहारेकरी हव्यात हे आलं. ही फ्रायचीच मागणी. पण नंतर सरकारी हवा फिरली. १८३५ मध्ये निरीक्षक नेमले गेले आणि कैद्याला पूर्ण एकटं कोंडायचं, कोणाशी बोलू द्यायचं नाही, ही पद्धत जोरात आली. फ्रायने त्या वर्षी लॉर्ड्सच्या समितीपुढे या एकांतकोंडीला विरोध केला. तिचं साधं म्हणणं: ज्याला शेवटी माणसांतच सोडायचंय त्याला माणसांपासून तोडून काय साधणार? तिचं कोणी ऐकलं नाही. निरीक्षकांच्या अहवालाने उलट न्यूगेटमधल्या बायांच्या लुडबुडीवरच ताशेरे मारले. म्हणजे तुम्हाला ती जाच करणारी वाटते, त्यांना ती लाड करणारी वाटत होती.

हात वर करून मतदान मात्र विसरू नका. १८१७ मध्ये इंग्लंडमधल्या बहुसंख्य पुरुषांनाही मताधिकार नव्हता.

ताळेबंद

मी बँकेत आयुष्य काढलंय, त्यामुळे दिवाळखोरीचं मीच लिहितो, धागाकर्तीची हरकत नसेल तर.

नोव्हेंबर १८२८ मध्ये फ्रायांची पेढी बसली. त्याआधी दोन-तीनदा गर्नी मंडळींनी पैसा ओतून तारली होती. या वेळी त्यांनी हात आखडता घेतला. सामान्य व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं तर अब्रू जाते, क्वेकराचं निघालं तर पंथही जातो. देणं फेडता येणार नाही इतकं अंगावर घेणं हे त्यांच्यात पाप, त्यामुळे चौकशी करून जोसेफ फ्रायला सभेने बाहेर काढलं. बायकोला नाही काढलं, पण ती ज्या सभेत प्रवचन करायची तिथूनच नवरा बाहेर. शिवाय कुजबुज अशी की पेढीचा पैसा बाईच्या दानधर्मात गेला. दिवाळं निघाल्यानंतरच्या सभेला ती गेली, आणि सगळ्यांच्या नजरा झेलत उठून बायबलमधल्या ईयोबाचं वचन बोलली: त्याने मला मारलं तरी मी त्याच्यावरच भरवसा ठेवीन. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सने धीराचं पत्र पाठवलं.

प्लॅशेटचं मोठं घर सुटलं. भाऊ सॅम्युएलच्या मालकीच्या अप्टन लेनच्या लहान घरात बिऱ्हाड गेलं आणि भावांनी वर्षाला १,६०० पौंड बांधून दिले. आता बघा, हे 'गरिबी' वगैरे काही नाही. मोलकरणीला वर्षाला पंधरा-वीस पौंड मिळाले तरी खूप, अशा काळातले १,६०० पौंड. पण पैसा आता भावांचा, मर्जी त्यांची. तरी काम थांबलं नाही. किनाऱ्यावरच्या गस्तीच्या चौक्यांसाठी ग्रंथालयं, पाचशेच्या आसपास, ही या नंतरची. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा तिच्याबरोबर न्यूगेट बघून याच लहान घरात जेवायला आला.

अवांतर: सॅम्युएलने वाढवलेली ओव्हरेंड गर्नी ही पेढी त्याच्या मागे १० मे १८६६ ला बुडाली आणि लंडनचा बाजार कोसळला. वर्षभरापूर्वीच मुंबईत कापसाच्या तेजीचा फुगा फुटला होता, समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर रद्दी झाले होते. त्यात आता हिंदुस्थानात व्यवहार असलेल्या आग्रा अँड मास्टरमन्स बँकेने जूनमध्ये पैसे देणं थांबवलं. नॉरिचच्या लोकरवाल्यांची पेढी बुडते आणि झळ हिंदुस्थानात पैसे गुंतवलेल्यांना लागते!

निवडुंग

नर्सिंगचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. १८४० मध्ये फ्रायने लंडनमध्ये परिचारिकांची संस्था काढली. बायकांना रुग्णालयात अनुभव देऊन घरोघरी आजाऱ्यांकडे पाठवायचं. ही कल्पना तिला जर्मनीत कैझर्सवेर्थला दिसली. तिथला पाद्री फ्लीडनर १८२४ मध्ये इंग्लंडला येऊन तिचं न्यूगेटचं काम बघून गेला होता आणि परत जाऊन त्याने स्वतःची संस्था उभारली. फ्लोरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये शिकली ती त्याच कैझर्सवेर्थला.

आणि आपल्याकडचा क्वेकर धागा म्हणजे मार्जोरी साइक्स, सेवाग्रामला नई तालीममध्ये काम केलेल्या. वर्ध्याकडच्या जुन्या लोकांना नाव माहीत असेल.

चिमणचारा

शेवगा, मुलांबद्दल लिही ना जमलं तर. तिरपागडांना टोला मारला खरा, पण उत्सुकता मलाही आहे.

शेवगा

@ताळेबंद, सुंदर. हरकत कसली!

@चिमणचारा, मुलांचं असं झालं: १८१६ नंतर मोठ्या मुलांना मामा-मावश्यांकडे वाटून ठेवलं होतं, काही अंशी पैशाच्या तंगीमुळे. बरीच मुलं पुढे पंथ सोडून गेली. रेचलने १८२१ मध्ये पंथाबाहेर लग्न केलं. अशा लग्नाला हजर राहणं पंथाला मंजूर नव्हतं, म्हणून आई लेकीच्या लग्नाला गेली नाही. हॅरिएट स्केल्टनसाठी गृहमंत्र्याशी वाकडं घेणारी बाई इथे नियमापुढे गप्प बसली. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच, तुरुंगातल्या बायबलचा नाही.

१२ ऑक्टोबर १८४५ ला रॅम्सगेटला ती गेली. डायरी सतराव्या वर्षापासून लिहीत होती, ढीगभर वह्या. दोन वर्षांत त्यातलं निवडक छापून आलं, आणि निवड करणाऱ्या दोघींपैकी एक थोरली कॅथरीन, दुसरी हीच रेचल. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे लेकींनी ठरवलं.

तिरपागडा

रेचलने निवडलं? मग ते वाचायलाच पाहिजे. तिथे तरी बाईला नीट धुतलंय का?

शेवगा

@तिरपागडा, छे. भक्तिभावाने काटछाट केलीय. शंका, उदासपणा, घरातली कुरबुर हे सगळं जिथे जमेल तिथे उडवलंय. अलीकडच्या चरित्रकारांनी मूळ वह्यांत जाऊन ते परत बाहेर काढलं.